विश्लेषण : सिम्युलेटरमधलं छोटं विमान ‘खरं’ आहे हे कसं ओळखायचं? ॲड-ऑनवर पैसे खर्च करण्याआधी काय तपासायचं?

‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’ची नवी आवृत्ती १९ नोव्हेंबर २०२४ रोजी आली. त्याआधीची आवृत्ती ऑगस्ट २०२० मधली. दोन्हींमध्ये सेस्ना १७२ हे जगात सर्वाधिक संख्येनं बनलेलं छोटं विमान खेळासोबतच मिळतं. ‘एक्स-प्लेन १२’ या दुसऱ्या लोकप्रिय सिम्युलेटरमध्येही ते आहे. तरीही घरी बसून विमान ‘उडवणारे’ अनेक जण साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या एखाद्या चार आसनी पायपरसाठी वेगळे तीन-चार हजार रुपये मोजतात.

इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर अशा विमानांचे व्हिडिओ भरपूर दिसतात. दरवाजाच्या हँडलजवळ उडालेला रंग, काचेवरचे ओरखडे, सीटच्या चामड्याला पडलेल्या सुरकुत्या. खाली प्रतिक्रिया ठरलेल्या : ‘अगदी खरं वाटतंय!’ दिसायला ते खरं असतंच. पण ते खऱ्यासारखं उडतं का, हे तीस सेकंदांच्या रीलमधून कळायला मार्ग नसतो.

हा प्रश्न फक्त हौशी मंडळींचा असता तर चार हजार रुपयांवर विषय संपला असता. पण वैमानिक व्हायचं ठरवलेली अनेक मुलंमुली प्रवेशाच्या आधीपासून घरी सिम्युलेटरवर सराव करतात. भारतात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान २०० तासांचं उड्डाण लागतं आणि त्यातल्या एकेका तासाचा खर्च दहा हजार रुपयांच्या वरच जातो. घरी लागलेली चुकीची सवय तिथे जाऊन मोडायची म्हटलं, तर तोवर मीटर चालूच असतो.

ॲड-ऑन म्हणजे नेमकं काय?

सिम्युलेटर विकत घेतला की आकाश, जमीन, हवामान आणि काही विमानं मिळतात. दुसऱ्या कंपन्यांनी किंवा दोन-चार जणांच्या छोट्या गटांनी बनवलेलं विमान वेगळं विकत घेऊन त्यात बसवलं, की ते ॲड-ऑन. छोट्या विमानांच्या ॲड-ऑनची किंमत साधारण १५ ते ५० डॉलर, म्हणजे सव्वा हजार ते साडेचार हजार रुपयांच्या घरात असते. काही मोफतही मिळतात, आणि त्यातली थोडी खरोखर चांगली असतात.

जाहिरातीत बहुतेकांच्या नावापुढे ‘स्टडी लेव्हल’ असं बिरूद असतं. विमानाचा अभ्यास करता येईल इतकं तपशीलवार, असा त्याचा ढोबळ अर्थ. पण हे बिरूद देणारी कोणतीही संस्था नाही, त्याची परीक्षा नाही, निकष नाहीत. ज्याला वाटलं त्यानं लावलं. शिवाय ही कल्पना मोठ्या प्रवासी विमानांवरून आलेली आहे. एअरबस किंवा बोइंगच्या कॉकपिटमध्ये शेकडो बटणं असतात आणि त्यातली किती चालतात यावरून ॲड-ऑनची खोली बऱ्यापैकी जोखता येते. चार आसनी पायपरमध्ये बटणं असतात दोन डझन. ती सगळी चालवून दाखवणं फार अवघड नाही. छोट्या विमानाचा खरेपणा इंजिनात, पंखात आणि विमानाला झालेल्या वयात असतो, आणि तिथेच बहुतेक ॲड-ऑन मार खातात.

दिसणं आणि वागणं यात फरक किती असू शकतो?

‘ब्लॅक स्क्वेअर’ या नावानं निघालेली बीचक्राफ्ट बोनान्झा आणि बॅरन ही विमानं याचं चांगलं उदाहरण. त्यांच्या पहिल्या आवृत्त्यांत विमानाचं बाहेरचं रूप सिम्युलेटरमधल्या मूळ विमानाचंच ठेवलं होतं. नवं होतं ते आतलं : काट्यांची जुनी उपकरणं, प्रत्येक सर्किट ब्रेकरला जोडलेली वीजव्यवस्था आणि बिघाडांची लांबलचक यादी. अल्टरनेटर बंद पडला की बॅटरी हळूहळू उतरते आणि आधी काय बंद करायचं हे उडवणाऱ्याला ठरवावं लागतं. फोटोत या विमानाचं काहीच विशेष दिसत नाही, तरी जाणकारांनी ते डोक्यावर घेतलं.

दुसरं उदाहरण ‘ए-टू-ए सिम्युलेशन्स’च्या पायपर कोमांची २५०चं. मूळ विमान अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लॉक हेवन इथल्या कारखान्यात बनायचं. १९७२ मध्ये ॲग्नेस चक्रीवादळामुळे आलेल्या पुरात कारखाना आणि त्यातली यंत्रसामग्री बुडाली आणि कोमांचीचं उत्पादन कायमचं थांबलं. या विमानाचा पंख असा आहे की उतरताना वेग थोडा जरी जास्त राहिला, तरी ते धावपट्टीवर टेकायलाच तयार होत नाही, तरंगत राहतं. ॲड-ऑनमध्ये हा स्वभाव येण्यासाठी ए-टू-एनं सिम्युलेटरमधलं उड्डाणाचं तयार गणित जवळपास बाजूला ठेवून स्वतःचं गणित चालवलं आहे. विमान लक्षातही ठेवतं. आज इंजिन तापवून फिरवलं, तर त्याचा परिणाम पुढच्या आठवड्यातही दिसतो. जमिनीवर मिश्रण जास्त इंधनाचं ठेवून बराच वेळ नुसतं उभं केलं, तर स्पार्क प्लगवर काजळी धरते आणि उड्डाणाआधीच्या तपासणीत इंजिन अडखळतं.

ज्यांच्या घरी जुनी चेतक होती त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. सकाळी थंड असताना चोक, नाहीतर स्कूटर तिरकी करून किक. दुपारी तोच चोक ओढला की प्लग ओला. छोट्या विमानाचं पेट्रोल इंजिनही याच जातीचं आहे. थंड इंजिन सुरू करण्याची रीत वेगळी, नुकतंच बंद केलेलं गरम इंजिन सुरू करण्याची वेगळी. ज्या ॲड-ऑनमध्ये किल्ली फिरवली की दरवेळी तिसऱ्या सेकंदाला इंजिन सुरू होतं, त्यात इंजिन नसून फक्त त्याचा आवाज आहे असं समजायला हरकत नाही.

कार्ब्युरेटरची परीक्षा काय सांगते?

एकच परीक्षा घ्यायची झाली तर ही घ्यावी. कार्ब्युरेटरमध्ये हवा अरुंद जागेतून वेगानं जाते आणि त्याच वेळी पेट्रोलची वाफ होते. या दोन्हींमुळे आतलं तापमान अचानक ३० अंशांहूनही जास्त घसरू शकतं. हवा दमट असेल तर तिच्यातल्या बाष्पाचा आत बर्फ होतो, हवेची वाट बुजते आणि इंजिनाची ताकद जाते. बाहेर थंडी असायची गरज नाही. तापमान २१ अंशांच्या खाली आणि आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असेल तेव्हा धोका सर्वाधिक असतो. पण अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या पुस्तिकेनुसार, बाहेर ३८ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असतानाही असा बर्फ होऊ शकतो. म्हणजे कोकणातली पावसाळी दुपारही यातून सुटत नाही.

यावर उपाय म्हणून कॉकपिटमध्ये ‘कार्ब हीट’ची एक मूठ असते. ती ओढली की एक्झॉस्टभोवतीची गरम हवा कार्ब्युरेटरमध्ये येते. आता खऱ्या विमानात पुढे काय होतं ते पाहा. गरम हवा विरळ असते, त्यामुळे मूठ ओढल्याबरोबर ताकद आणखी कमी होते. बर्फ वितळून त्याचं पाणी इंजिनात जायला लागतं आणि इंजिन खडखडायला लागतं. घाबरलेला विद्यार्थी इथेच मूठ परत आत ढकलतो. थांबलं तर थोड्या वेळात वाट मोकळी होते आणि ताकद परत येते. ‘आधी आणखी बिघडतं, मग सुधारतं’ हा क्रम हातात बसणं महत्त्वाचं, कारण खऱ्या आकाशात तो पहिल्यांदाच अनुभवायला मिळाला तर हात चुकीच्या दिशेला जातो.

ही परीक्षा घरी घेता येते. हवामान स्वतः ठरवायचा पर्याय निवडून १५-२० अंशांचं ढगाळ, दमट वातावरण लावायचं, थ्रॉटल कमी करून दहा-पंधरा मिनिटं खाली उतरत राहायचं. पंख्याचं पातं स्थिर असलेल्या विमानात, उदाहरणार्थ ‘जस्ट फ्लाइट’च्या पायपर वॉरिअरमध्ये किंवा सेस्ना १५२ मध्ये, फेऱ्यांचा काटा हळूहळू खाली यायला हवा. कोमांचीसारख्या विमानात पंखा आपला वेग स्वतः सांभाळतो, त्यामुळे फेऱ्यांच्या काट्यावर काही कळत नाही आणि मॅनिफोल्ड प्रेशरचा काटा पाहावा लागतो. मूठ ओढल्यावर दरवेळी, कोणत्याही हवामानात, ठरावीक शंभर फेऱ्या कमी होऊन काटा तिथेच थांबत असेल, तर ती मूठ शोभेची आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. ज्या विमानात कार्ब्युरेटरच नाही त्यात ही मूठ शोधून ॲड-ऑनला नावं ठेवू नयेत. आजची सेस्ना १७२एस आणि पायपर ॲरो या दोन्हींत इंधन थेट फवारलं जातं. तिथे कार्ब हीट नसणं हेच बरोबर.

आकड्यांवरून पडताळणी कशी करायची?

प्रत्येक खऱ्या विमानाचं एक हँडबुक असतं. किती वजनाला, किती तापमानाला, किती धावपट्टी लागेल याचे तक्ते त्यात असतात. बऱ्याच जुन्या विमानांची हँडबुकं इंटरनेटवर सहज वाचायला मिळतात. सेस्ना १७२एसचं घेतलं तर पूर्ण वजनाला, समुद्रसपाटीला आणि १५ अंश तापमानात जमीन सोडायला ९६० फूट लागतात, तर ५० फुटांचा अडथळा पार करेपर्यंत १,६३० फूट. चढण्याचा वेग मिनिटाला ७३० फूट. हे आकडे बहुतेक ॲड-ऑनना जमतात, कारण बनवणाऱ्यांनी तेच समोर ठेवून विमान जुळवलेलं असतं.

खरी गंमत या आकड्यांपासून लांब गेल्यावर कळते. मे महिन्यातल्या दुपारी ३८ अंशांत पुणे विमानतळावरून उड्डाण करून पाहावं. पुण्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे १,९४० फूट उंचीवर आहे. पण त्या उन्हात हवा इतकी विरळ होते, की विमानाच्या दृष्टीनं ती उंची पाच हजार फुटांच्या वर गेलेली असते. जमीन सोडायला जास्त अंतर लागलं पाहिजे आणि नंतरची चढण कंटाळवाणी वाटली पाहिजे. हँडबुकच्या तक्त्यात त्या तापमानाचा रकाना असतो, त्याच्याशी ताडून पाहायचं. मुंबईत आणि पुण्यात विमान सारखंच उसळी मारत असेल, तर त्याच्या लेखी उष्णता नावाची गोष्ट नाही.

दुसरी पडताळणी इंजिन बंद करून. पाच हजार फुटांवर वारा शून्य ठेवून थ्रॉटल पूर्ण मागे घ्यायचा आणि वेग ६८ नॉट्सवर धरायचा. हँडबुकनुसार १७२एस हजार फूट खाली येताना साधारण दीड सागरी मैल पुढे जातं. म्हणजे हजार फूट उतरायला सव्वा मिनिटाच्या आसपास वेळ लागायला हवा. अडीच मिनिटं लागली तर ते विमान नव्हे, ग्लायडर आहे. हा फरक वाटतो तितका क्षुल्लक नाही. इंजिन बंद पडल्यावर कुठलं शेत गाठता येईल याचा अंदाज डोळ्यात बसतो तो अशाच सरावातून, आणि दुप्पट लांब जाणाऱ्या विमानावर बसलेला अंदाज नसलेला बरा.

स्टॉलच्या बाबतीत मात्र अपेक्षा बेताची ठेवावी. वेग कमी होऊन पंखाची उचल जाते तिथपर्यंत चांगले ॲड-ऑन बऱ्यापैकी खरे असतात. त्यापुढचं गरगरणं, म्हणजे स्पिन, घरच्या सिम्युलेटरवर अजूनही भरवशाचं नाही. एक्स-प्लेन पंख आणि पंख्याचे छोटे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यावरचं बल वेगळं मोजतो, मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटरही आता त्याच दिशेनं गेला आहे, पण हवेचा गोंधळ पंखाच्या वर सुरू झाला की दोघांचंही गणित कच्चं पडतं.

मग दोष विमानाचा की जॉयस्टिकचा?

ॲड-ऑन वाईट आहे असं ठरवण्याआधी सेटिंग्ज तपासाव्यात. सिम्युलेटरमध्ये नवख्यांसाठी मदतीचे पर्याय चालू असतात. त्यातला रडर आपोआप सांभाळण्याचा पर्याय चालू असेल, तर उड्डाणाच्या वेळी विमान डावीकडे ओढलं जात नाही. खऱ्या एक इंजिनी विमानात पूर्ण ताकदीवर नाक डावीकडे जातं आणि उजवा पाय सतत दाबून धरावा लागतो. प्रशिक्षकांचा आवाज सर्वाधिक कशासाठी चढत असेल तर या उजव्या पायासाठी. चार हजारांचं विमान घेऊन हा पर्याय चालूच ठेवणारे कमी नाहीत.

स्प्रिंगच्या जॉयस्टिकची एक मर्यादा कोणतंही ॲड-ऑन दूर करू शकत नाही. खऱ्या विमानात वेग बदलला की हातावरचा दाब बदलतो आणि ‘ट्रिम’ची चकती फिरवून तो दाब शून्यावर आणला जातो. ट्रिम हाताला कळतं. घरची स्प्रिंग मात्र कायम मधोमध खेचत राहते, त्यामुळे तिथे ट्रिम डोळ्यांनी, काटे पाहून लावावं लागतं. ज्याच्याकडे रडरची पेडल्स नाहीत आणि बजेट एकाच गोष्टीचं आहे, त्यानं दुसरं विमान घेण्याआधी पेडल्सचा विचार करावा. पाय न वापरता शिकलेलं लँडिंग पुढे महागात पडतं.

खरेदी करताना काय पाहावं?

सर्वांत आधी आवृत्ती. २०२० च्या सिम्युलेटरसाठी घेतलेलं विमान २०२४ च्या आवृत्तीत नीट चालेलच असं नाही. काही कंपन्यांनी नवी आवृत्ती मोफत दिली, काहींनी वेगळे पैसे घेतले. एक्सबॉक्सवर खेळणाऱ्यांनी आणखी जपून राहावं, कारण संगणकावरची काही विमानं तिथे उपलब्धच नसतात. सिम्युलेटरच्या आतल्या दुकानातून घेणं सोपं, पण बनवणाऱ्याच्या स्वतःच्या साइटवर सुधारणा बहुधा आधी येतात. डॉलरमध्ये पैसे भरताना कार्डावर परकीय चलनाचं शुल्क लागतं, ते किमतीत धरावं. एकदा डाउनलोड झालेल्या विमानाचे पैसे परत मिळणं कठीण असतं.

परीक्षणं पाहताना प्रकाशनाच्या दिवशीचे व्हिडिओ बाजूला ठेवलेले बरे. त्यातली अनेक फुकट मिळालेल्या प्रतींवर बनलेली असतात आणि एका दिवसात विमानाचा रंग कळतो, स्वभाव कळत नाही. त्यापेक्षा सुधारणांची यादी वाचावी. इंधनाची टाकी बदलल्यावर होणारी चूक दुरुस्त केली, तेलाचं तापमान जास्त दाखवत होतं ते बदललं, अशा नोंदी असतील तर बनवणारे विमानाकडे लक्ष देत आहेत. वर्षभरात फक्त नवे रंग आले असतील, तर तेही बोलकं आहे.

एक्स-प्लेन वापरणाऱ्यांना स्वस्तातला आणखी एक मार्ग आहे. ‘सिमकोडर्स’चं ‘रिअ‍ॅलिटी एक्सपान्शन पॅक’ हे पूर्ण विमान नसून सोबत मिळालेल्या सेस्ना १७२ वरच चढवायचा थर आहे. इंजिनाची झीज, देखभाल, जमिनीवरून फिरून करायची तपासणी हे सगळं त्यातून मिळतं.

वैमानिक होऊ पाहणाऱ्यांनी कोणतं विमान घ्यावं?

ज्या शाळेत प्रवेश घ्यायचा आहे तिथे जे विमान आहे, ते. सल्ला साधा वाटतो, पण त्यात एक मेख आहे. गोंदियाच्या बिरसी विमानतळावरच्या राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्थेत आणि उत्तर प्रदेशातल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय उडाण अकादमीत डायमंड कंपनीची विमानं वापरली जातात. पण ‘डीए-४०’ हे एकच नाव दोन बऱ्याच वेगळ्या विमानांना आहे. एकात पेट्रोलवर चालणारं लायकमिंग इंजिन असतं आणि थ्रॉटल, पंखा आणि इंधनमिश्रण अशा तीन मुठी. दुसऱ्यात जेट इंधनावर चालणारं डिझेल इंजिन असतं आणि मूठ एकच, बाकीचं संगणक पाहतो. एकमुठी विमानावर सहा महिने सराव करून तीन मुठींच्या कॉकपिटमध्ये बसलं, की मिश्रण कधी आणि किती कमी करायचं हे पहिल्यापासून शिकावं लागतं. त्यामुळे शाळेला विमानाचं नाव विचारताना इंजिनही विचारून घ्यावं.

घरच्या सिम्युलेटरवरचे तास परवान्यासाठी धरले जात नाहीत. अमेरिकेत उपकरणांवरून उड्डाण करण्याच्या परवान्यासाठी १० ते २० तास साध्या प्रशिक्षण यंत्रावरचे चालतात, पण ते यंत्र तिथल्या प्रशासनानं मंजूर केलेलं हवं आणि शेजारी प्रशिक्षक हवा. भारतातही मान्यताप्राप्त यंत्रावरचेच तास मोजले जातात. घरी कमवायचं ते वेगळंच असतं : तपासणीच्या याद्या पाठ होणं, रेडिओवरचं बोलणं, मुठी कुठे आहेत हे हाताला न बघता कळणं, नकाशा आणि घड्याळ यांची सांगड.

आणि एक वाईट खोड मात्र जवळपास प्रत्येक जण घरून घेऊन येतो. पडद्यावर बाहेरचं दृश्य अरुंद असतं, काटे मात्र ठळक दिसतात, त्यामुळे नजर सतत काट्यांवर खिळते. खऱ्या विमानात पहिल्या तासांना नजर बाहेर क्षितिजावर हवी असते, समोरून दुसरं विमान येत असेल तर ते दिसावं म्हणूनही. काही प्रशिक्षक अशा वेळी पॅनेलवर कागद लावून वेग आणि उंचीचे काटे झाकून टाकतात. घरच्या मॉनिटरवरही तेवढ्याच जागी एक चिठ्ठी चिकटवून, फक्त इंजिनाचा आवाज आणि नाकाची उंची पाहत विमानतळाभोवती चार फेऱ्या मारता येतात. पहिली फेरी बहुतेकांची धावपट्टीच्या बाहेरच संपते.